अठ्ठावन्नाव्या वर्षी विद्यापीठ

1875 सालचा सप्टेंबर. कोकणातला पाऊस अजून ओसरला नव्हता. दापोलीजवळच्या मुरूड गावातून काही मुलं पायी साताऱ्याला निघाली. पब्लिक सर्व्हिसच्या परीक्षेला बसायचं होतं. ती पास झाली की शाळामास्तरकी किंवा कचेरीतली कारकुनी मिळण्याची सोय होती. पावसाळ्यात बोटींचा भरवसा नाही, म्हणून कुंभार्ली घाट चढून, शंभरावर मैल तुडवत ती वेळेवर पोहोचली. त्यांच्यातला धोंडो केशव कर्वे हा अंगाने किरकोळ होता. परीक्षेला बसायला वयाची सतरा वर्षं पुरी लागत. त्याची झाली होती, तसा दाखलाही होता. पण साहेबांना तो पंधराचा वाटला आणि त्यांनी त्याला बसू दिलं नाही. आल्या पावली मुलगा परत.

शाळेच्या पुस्तकातून ही गोष्ट आपल्याला चिकाटीचा धडा म्हणून भेटते. मला ती निराळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. सतरा वर्षांच्या त्या मुलाची आयुष्याकडून काय अपेक्षा होती, ते तिच्यात स्वच्छ दिसतं. त्याला मास्तर व्हायचं होतं. बस्स. स्त्रीशिक्षण, विधवांचे हाल, विद्यापीठ यांतलं काहीही त्याच्या डोक्यात नव्हतं. पुढे ज्या कामासाठी महाराष्ट्राने या माणसाला महर्षी म्हटलं, त्या कामाची पुसटशी खूणही सतराव्या वर्षी सापडत नाही. तेविसाव्याही नाही. तेविसाव्या वर्षी तो मॅट्रिक होत होता.

आज पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या, नव्या पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये हजारो मुलंमुली अशाच परीक्षांची तयारी करत बसलेली असतात. त्यांच्या उशाशी अभ्यासाच्या पुस्तकांबरोबर आणखी एक पुस्तक हमखास असतं: स्वतःला ओळखा, आपलं ध्येय शोधा, वगैरे. या पुस्तकांचा सूर असा असतो की प्रत्येकाच्या आत एक ठरलेलं काम दडून बसलेलं आहे, ते लवकर सापडलं तर जिंकलात, पंचविशीपर्यंत सापडलं नाही तर गाडी चुकली. बिचारी मुलं मग रात्री जागून स्वतःच्या आत शोधाशोध करतात आणि काही सापडलं नाही की स्वतःलाच दोष देतात. या प्रकरणात आपण एका दीर्घ आयुष्याचा हिशेब मांडून बघू. अण्णासाहेब कर्वे एकशे चार वर्षं जगले, त्यामुळे हिशेबाला कागद भरपूर आहे.

आधी शास्त्रकारांचं थोडं ऐकून घेऊ. आयुष्याचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याचं काम निराळं असतं, हा विचार आपल्याकडे चार आश्रमांच्या रूपाने फार जुना आहे. त्यात एक शहाणपण आहे: विशीतल्या माणसाकडून जे मागायचं ते साठीतल्याकडून मागायचं नाही. पण ती व्यवस्था वरच्या तीन वर्णांच्या पुरुषांपुरती आखलेली होती. विधवेला कुठला आश्रम? तिचं आयुष्य वयाच्या आठव्या वर्षीही संपलेलं असू शकत होतं. विसाव्या शतकात एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकाने 1950 मध्ये मानवी आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्याच्या मते तरुणपणी ‘मी कोण’ हा प्रश्न माणसाला छळतो आणि मध्यमवयात ‘माझ्या मागून येणाऱ्यांसाठी मी काय करतो’ हा. दुसऱ्याला उत्तर मिळालं नाही तर माणूस साचून राहतो. पुढे डॅनियल लेव्हिन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पस्तीस ते पंचेचाळीस वयाच्या चाळीस पुरुषांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. दहा कारखान्यातले कामगार, दहा कंपन्यांतले अधिकारी, दहा जीवशास्त्रज्ञ, दहा कादंबरीकार. त्यांच्यावरचं पुस्तक 1978 मध्ये आलं. त्याचा मुद्दा असा की प्रौढपणीही माणूस स्थिर नसतो. काही वर्षं तो आयुष्याची घडी बसवतो आणि नंतरची काही वर्षं तीच घडी मोडून पुन्हा घालतो. चाळीस अमेरिकन पुरुषांवरून साऱ्या मानवजातीचे ऋतू ठरवणं जरा धाडसाचंच. बायकांवरचं त्याचं पुस्तक तर त्याच्या मृत्यूनंतर, 1996 मध्ये निघालं. तरी घडी मोडून पुन्हा घालण्याची गोष्ट मला पटते. कर्व्यांच्या आयुष्यात ती चार-पाच वेळा झालेली दिसते.

पहिली घडी मुंबईची. मॅट्रिक झाल्यावर कर्वे कॉलेजात गेले आणि 1884 मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले. लग्न पंधराव्या वर्षीच झालेलं होतं. पत्नी राधाबाई, मुलगा रघुनाथ. मुंबईतल्या दोन-तीन शाळांत तास, वर खासगी शिकवण्या. सकाळी बाहेर पडायचं ते दिवेलागणीला परतायचं. मुरूडचा मामेभाऊ-आतेभावांचा गोतावळाही शिकायला घरी. त्यांच्यात रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे होता, जो पुढे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला. या काळात कर्व्यांनी एकच गोष्ट चाकोरीबाहेरची केली. कमाईतला काही भाग बाजूला काढून ‘मुरूड फंड’ म्हणून गावासाठी ठेवायला सुरुवात केली. रक्कम किरकोळ होती. सवय मात्र किरकोळ नव्हती. दुसऱ्यासाठी पैसा बाजूला काढणं, त्याचा पैन्‌पै हिशेब ठेवणं, लोकांकडे न लाजता मागणं, ही तिन्ही कौशल्यं इथे तयार झाली. त्यांचा उपयोग कशासाठी होणार हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही.

1891 हे वर्ष आलं आणि घडी मोडली. राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांचं बोलावणं आलं. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला माणूस हवा होता. कर्वे पुण्यात आले. तेहेतीस वर्षांचा बिजवर, पदरी लहान मुलगा, हाताला बऱ्यापैकी नोकरी. त्या काळच्या रीतीने दहा-बारा वर्षांची मुलगी बघून पुन्हा बोहल्यावर चढायला काहीच हरकत नव्हती. नातलगांनी तसं सुचवलंही. कर्व्यांनी सांगितलं, लग्न करीन तर विधवेशी.

हे वाक्य ‘आतल्या आवाजा’तून आलं असं समजायचं कारण नाही. मुंबईत नरहरपंत जोशी हा मित्र कर्व्यांबरोबर एकत्र राहत असे. त्याची बहीण गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न, तीन महिन्यांत नवरा गेलेला. तेवढ्या संसाराच्या नावावर पुढची पंधराएक वर्षं ती सासरी राबली. भावाने तिला मुंबईत आणलं आणि 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढलं तेव्हा तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून तिचं नाव लागलं. म्हणजे विधवांचा प्रश्न कर्व्यांच्या पुढ्यात आला तो व्याख्यानातून किंवा ग्रंथातून नव्हे. तो मित्राच्या घरात, समोरच्या खोलीत वावरत होता. विधवाविवाहाचा कायदा 1856 सालीच, कर्व्यांच्या जन्माच्याही आधी, झालेला होता. कायद्याला सदतीस वर्षं होत आली तरी असं लग्न करणारा माणूस बोटं मोजून सापडत होता. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात कर्व्यांचं आणि गोदूबाईचं लग्न लागलं. लग्नानंतरचं नाव आनंदीबाई. पुढे सगळ्या पुण्याच्या त्या बाया कर्वे.

मुरूडने बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड साठवला त्याच गावात भावाच्या घरी पाय ठेवायची चोरी. आई आणि भाऊ कात्रीत सापडले.

आता इथे थांबून एक गोष्ट नीट बघायला हवी, कारण माझ्या मते सगळ्या आयुष्याची किल्ली इथे आहे. लग्न झाल्यावर कर्व्यांना आपलं काम सापडलं असं वाटलं: विधवाविवाहाचा प्रसार. 1893 च्या अखेरीस त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली, स्वतः चिटणीस झाले, सुट्टीत गावोगाव फिरू लागले. दीड-दोन वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं की उत्तेजन देण्याइतकी मंडळी तयारच नाहीत. 1895 मध्ये संस्थेचं नाव बदलून विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी असं झालं. म्हणजे आता लग्नं लावायचा आग्रह नाही, करू इच्छिणाऱ्यांच्या वाटेतले अडथळे काढायचे एवढंच. माणूस आपल्या ध्येयापासून मागे सरतोय असं कोणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात फिरताना त्यांना एक साधी गोष्ट दिसली होती. बहुतेक विधवा लग्नाला तयार नव्हत्या, घरचे तर मुळीच नव्हते. पण पोट भरण्याची विद्या त्यातल्या पुष्कळजणींना हवी होती. म्हणून 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी निघाली, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष.

आणि मग कर्व्यांनी जे केलं ते सुधारक मित्रांच्या पचनी पडलं नाही. आश्रमाचा आणि पुनर्विवाहाचा संबंध त्यांनी तोडला. आश्रम पुनर्विवाहाचा प्रचार करणार नाही असं ठरवलं आणि विवाह मंडळीच्या चिटणीसपदावरून ते स्वतः दूर झाले. विधवेशी लग्न करून बहिष्कार सोसलेला माणूस म्हणतो की माझ्या आश्रमात लग्नाचा विषय नाही! सनातन्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हताच, आता सुधारकांनाही तो डळमळीत वाटू लागला. कर्व्यांचा हिशेब गणिताच्या मास्तराचा होता. आश्रमातून मुली लग्नाला उभ्या राहतात असा बोभाटा झाला तर एकही बाप आपली विधवा मुलगी तिथे पाठवणार नाही. दहाजणींचं लग्न लावायचं की शंभरजणींना शिकवायचं? त्यांनी शंभर हा आकडा निवडला. यात तत्त्वाला मुरड पडली हे मला नाकारता येत नाही. पण ज्याला आपण जीवितकार्य म्हणतो ते अशा मुरडी घेतच पुढे जातं, हेही खरं. पहिल्या कामात हात घातल्याशिवाय दुसरं काम दिसतच नाही.

1900 साली, प्लेगच्या धास्तीने, आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. आज कर्वेनगर म्हणून जो गजबजलेला भाग आहे तो तेव्हा ओसाड माळ. देणगीत मिळालेल्या जमिनीवर एक झोपडी बांधली. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं, संध्याकाळी आश्रमाला लागणारं सामान खांद्यावर टाकून चार मैल चालत हिंगणं गाठायचं, रात्री मुलींना शिकवायचं, पहाटे उठून पुन्हा पुण्याची वाट. पावसाळ्यात त्या वाटेवर काळ्या मातीचा चिखल. वहाण रुतली की पाय निघतो आणि वहाण राहते, अशा जातीचा. ती झोपडी हिंगण्याच्या संस्थेने जपून ठेवली आहे. आत उभं राहिलं की पहिल्यांदा जाणवतं ते तिचं लहानपण. प्रेरणादायी भाषणांसाठी ती फारच अडचणीची जागा आहे.

एक गोष्ट मात्र भाषणांत सांगितली जात नाही. या सगळ्या काळात कर्व्यांनी नोकरी सोडली नाही. 1891 ते 1914 अशी बावीस-तेवीस वर्षं ते तास घेत राहिले. सोसायटीच्या आजीव सदस्याला वीस वर्षांच्या सेवेचं वचन द्यावं लागे आणि ते त्यांनी शब्दशः पाळलं. ‘नोकरीवर लाथ मारा आणि मनाचं ऐका’ असा सल्ला देणाऱ्यांनी हा तपशील लक्षात घ्यावा. नोकरीमुळे घरात भात शिजत होता, नोकरीमुळेच समाजात पत होती. प्राध्यापक कर्वे वर्गणी मागायला आले तर लोक निदान बसायला सांगत.

आश्रम चालू असतानाच पुढचा प्रश्न उगवला. विधवांच्या जोडीने अविवाहित मुलींनाही शिकायचं होतं, पण आश्रमात घातली तर ‘विधवांबरोबर ठेवली’ म्हणून लोक नाव ठेवणार. म्हणून 1907 मध्ये महिला विद्यालय. मग या संस्थांना वाहून घेणारी माणसं हवीत म्हणून 1908 मध्ये निष्काम कर्म मठ. दरवेळी आधीच्या कामाने निर्माण केलेली अडचण हेच पुढचं काम. कर्व्यांनी ठरवून आखलेली ही मालिका नव्हती. त्यांना वक्तृत्वही नव्हतं. भिडस्तपणाची तक्रार ते स्वतःबद्दल आत्मचरित्रात वारंवार करतात. 1915 मध्ये ते ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध झालं. सत्तावन्न वर्षांचा, नुकताच निवृत्त झालेला माणूस आत्मचरित्र लिहितो म्हणजे आता आवराआवर, असंच वाचणाऱ्यांना वाटलं असणार. लिहिणाऱ्यालाही तसं वाटलं असेल तर नवल नाही.

त्याच वर्षी टपालाने जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका आली. कर्व्यांनी ती वरवर चाळली आणि बाजूला ठेवून दिली. महाविद्यालयात जाणाऱ्या हिंदू मुलीच मूठभर, विद्यापीठ कोणासाठी काढायचं? पुढे डिसेंबरमध्ये मुंबईला भरायच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. भाषणात काय सांगावं या विवंचनेत ती पुस्तिका पुन्हा हाती लागली आणि या खेपेला ती त्यांनी नीट वाचली. परिषदेत त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. तीच पुस्तिका, तोच माणूस. मधे गेले ते चार-सहा महिने. पण आधी निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ होता आणि आता लोकांपुढे उभं राहून काहीतरी सांगायची जबाबदारी. संधी दार ठोठावते वगैरे म्हणतात, पण ती टेबलावरच्या रद्दीत पडून राहिलेलीही असते.

जून 1916 मध्ये विद्यापीठाचं काम सुरू झालं तेव्हा कर्वे अठ्ठावन्न वर्षांचे होते. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत आज याच वयाला नारळ आणि शाल मिळते. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय. पदवीचं नाव ‘गृहीतागमा’. सरकारी मान्यता नाही, त्यामुळे पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलीला नोकरीच्या बाजारात काय भाव मिळणार, हा प्रश्न टीकाकारांनी विचारला आणि तो रास्तच होता. बायकांसाठी निराळा अभ्यासक्रम म्हणजे बायकांसाठी दुय्यम अभ्यासक्रम, हाही आक्षेप होता. कायद्याची मान्यता मिळायला स्वातंत्र्य यावं लागलं. तोवर तीस-पस्तीस वर्षं ही संस्था वर्गणीवर आणि हट्टावर चालली. मोठा आधार 1920 मध्ये मिळाला. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या स्मरणार्थ पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळालं. एस. एन. डी. टी. ही आद्याक्षरं आज मुंबईतल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला ठाऊक असतात. त्यातल्या ‘एन’मागची नाथीबाई कोण, हे तिथे शिकलेल्यांनाही क्वचितच सांगता येतं.

सत्तरीनंतरचा भाग झटकन सांगतो, कारण तो नुसत्या यादीसारखा वाटण्याची भीती आहे. 1929 मध्ये युरोप, अमेरिका आणि जपानचा दौरा. जपानमध्ये त्यांनी ते महिला विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलं. परत येऊन वर्षही झालं नाही तोच आफ्रिकेचा दौरा, केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत, तिथल्या हिंदी लोकांकडून वर्गणी गोळा करत. 1936 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाही तिथे शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. 1944 मध्ये जातिभेदाविरुद्ध समता संघ. 1955 मध्ये पद्मविभूषण, 1958 मध्ये भारतरत्न आणि त्याच शंभराव्या वर्षी टपाल तिकीट. हयात भारतीयाचं चित्र असलेलं ते पहिलंच तिकीट. 9 नोव्हेंबर 1962 रोजी ते गेले.

या यादीवरून ‘वय हा केवळ आकडा आहे’ असं म्हणणारे म्हणोत. कर्व्यांच्या बाबतीत तरी तसं नव्हतं. पस्तिशीत ते स्वतःच्या लग्नातून काम करत होते, चाळिशीत अंगमेहनतीने, साठीत नावाच्या पतीवर, ऐंशीत निव्वळ उपस्थितीने. वयानुसार हत्यार बदललं. ऐंशीव्या वर्षी हिंगण्याचा चिखल तुडवायचा अट्टहास त्यांनी केला नाही आणि पस्तिसाव्या वर्षी विद्यापीठाच्या गप्पा मारल्या नाहीत.

सगळ्यांनाच अशी टप्प्याटप्प्याची सवड मिळते असंही नाही. त्यांचाच थोरला मुलगा रघुनाथ घ्या. तोही गणिताचाच प्राध्यापक. त्याला आपलं काम तरुणपणीच दिसलं होतं: संततिनियमन. 1921 मध्ये त्याने मुंबईत त्यासाठी केंद्र काढलं. वडिलांसारखं नोकरी सांभाळून काम करणं त्याच्या नशिबात नव्हतं. या मतांपायी 1925 मध्ये कॉलेज सोडावं लागलं. 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले, पदरमोड केली. वडिलांच्या वाट्याला आले तसे हारतुरे त्याला मिळाले नाहीत. समाजाला पचेल त्या वेगाने जाणं वडिलांना जमलं. मुलाने तो वेग मानलाच नाही. कोणाचं योग्य? मला दोघांपैकी एकाला निवडवत नाही. पण ‘अण्णांसारखं हळूहळू जा’ असा उपदेश करताना रघुनाथराव आठवावेत.

आणि पार्वतीबाई आठवल्यांना तर आठवायलाच हवं. बायांची धाकटी बहीण. विशीत वैधव्य, पदरी मुलगा, केशवपन झालेलं. बहिणीचा पुनर्विवाह त्यांना मुळीच पसंत नव्हता. शिकायला लागल्या तेव्हा पंचविशी उलटलेली. शिकून आश्रमात शिक्षिका झाल्या, मग वर्गणी जमवायला गावोगाव फिरू लागल्या. सोवळ्या विधवेचा तो वेषच त्यांच्या उपयोगी पडला. ज्या घरांत सुधारक प्राध्यापकाला उंबऱ्याबाहेर ठेवलं असतं तिथे या माजघरापर्यंत जात. बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी आपण होऊन केस वाढवले. कारण देताना कोणाला चिथावलं नाही, विचार करून पटलं म्हणून केलं असं सांगितलं. आणि 1918 मध्ये, पन्नाशीच्या उंबऱ्यावर, एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी येत नव्हतं; ते शिकायचं आणि संस्थेसाठी पैसेही जमवायचे. तिथे लोकांच्या घरी मोलकरणीचं काम केलं. देवरुखच्या जोशांची लेक अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात भांडी घासते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. दोन वर्षांनी परतल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. 1928 मध्ये त्यांची ‘माझी कहाणी’ आली. पंचविशीपर्यंत ‘ढ’ आणि ओझं समजली गेलेली ही बाई. तिला कुणी त्या वयात ‘तुझं ध्येय काय’ विचारलं असतं तर तिने सोवळं नीट पाळणं एवढंच सांगितलं असतं.

राहिल्या बाया. अण्णांच्या चरित्रात त्या ‘खंबीर साथ देणारी पत्नी’ एवढ्या एका ओळीत उरकल्या जातात. अण्णा हिंगण्याच्या वाटेवर होते तेव्हा पुण्यात संसार कोण ओढत होतं? शंकर, दिनकर आणि भास्कर या मुलांचं दूध, आजारपण, शाळेची फी? कमाईतली रक्कम संस्थेला, साठवलेलं संस्थेला, माणूसही संस्थेला. बायांना हे मुकाट मान्य नव्हतं. त्यांनी वाद घातले, तक्रारी केल्या आणि जोडीने स्वतःही संस्थांसाठी वर्गणी गोळा करत फिरल्या. या माणसाचं काम मोठं आहे हे त्यांना इतर कोणाहीपेक्षा आधी कळलेलं होतं, कारण त्या कामाच्या सुरुवातीला त्या स्वतःच उभ्या होत्या. ऋतुचक्राच्या सगळ्या आराखड्यांत, आश्रमांच्या आणि लेव्हिन्सनच्याही, एक गृहीत धरलेलं असतं की आपण आयुष्याची घडी मोडतो तेव्हा घरातलं कोणीतरी ती सावरून धरेल. ते कोणीतरी कोण, याचा रकाना त्यात नसतो.

म्हातारपणी बायांनी आपल्या आठवणी सांगितल्या आणि सून कावेरीबाई कर्वे यांनी त्या संपादित केल्या. ‘माझे पुराण’ हे त्या पुस्तकाचं नाव. ‘आत्मवृत्ता’त संस्था, तारखा आणि देणग्या नीट मांडलेल्या आहेत, इथे सासरचं राबणं, शारदा सदनातले दिवस, बहिष्कार, नवऱ्यावरचा राग आणि त्याचं कौतुक एकाच परिच्छेदात, बोलल्यासारखं येतं. लिहिण्याचा सराव नसलेल्या, ऐंशीच्या घरातल्या बाईने आपल्या आयुष्याचा जमाखर्च स्वतःच्या शब्दांत मांडायचा ठरवला. पुस्तक निघालं 1944 मध्ये. त्याच वर्षी, एक जानेवारीला, अण्णांनी समता संघ काढला होता आणि वर्गणीदारांची नवी यादी करायला घेतली होती. बाया घरखर्चाबद्दल त्यांच्याशी वाद घालतच होत्या की नाही, ते काही पुराणात आलेलं नाही. घालत असाव्यात असा माझा अंदाज आहे.